गोधडी आमची, फोटो आमचा, पार्सल मात्र तिसऱ्याचे

मंगळवार, रात्री उशिरा

आज दुपारी नागपूरहून एका अनोळखी बाईंचा फोन आला आणि नमस्कार वगैरे न करता त्यांनी थेट विचारले, "तुम्ही लोकांना असे कसे फसवता?" हाताने शिवलेली गोधडी नऊशे रुपयांत मिळते, अशी जाहिरात एका बाजारमंचावर, म्हणजे अनेक विक्रेते आपला माल विकतात अशा संकेतस्थळावर, पाहून त्यांनी ती मागवली होती. पार्सल आणणाऱ्याने पैसे हातात पडेपर्यंत ते उघडू दिले नाही, आणि उघडल्यावर आतून निघाली ती ठिगळांचे नुसते चित्र छापलेली पॉलिएस्टरची पातळ चादर. विक्रेत्याचा फोन लागेना, तेव्हा त्यांच्या मुलीने जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनात, टाकला आणि शोध आमच्या गोधड्या विकण्याच्या पानापाशी येऊन थांबला. फोटो चोरणारा बेपत्ता आणि जाब विचारायला गिऱ्हाईक आमच्या दारात, असा हा प्रकार आहे.

बाईंनी जाहिरातीचे स्क्रीनशॉट पाठवल्यावर गोधडी ओळखायला मला क्षणही लागला नाही. सासूबाईंच्या जुन्या हिरव्या इरकली लुगड्याचा काठ तिच्या कडेला लावलेला आहे आणि काठ कमी पडला म्हणून एका कोपऱ्यात त्यांनी तपकिरी तुकडा जोडला आहे. आमच्या फोटोत तो कोपरा डावीकडे आहे, जाहिरातीत उजवीकडे. फोटो आरशातल्यासारखा उलटवला की सहज सापडत नाही, असा या मंडळींचा समज असावा. मागची आमच्या ओसरीची भिंत पुसून तिथे पांढरा रंग भरलेला आहे. कमाल म्हणजे गोधडीची उलटी बाजू दाखवणारा, धावदोऱ्याचे टाके स्पष्ट दिसावेत म्हणून मुद्दाम जवळून घेतलेला फोटोही त्यांनी उचलला आहे. ज्या मालाला एकही टाका नाही, तो विकण्यासाठी टाक्यांचा फोटो वापरण्याचा निर्ढावलेपणा मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागला.

संध्याकाळी शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की, फोटो गेला याचे दुःख मला फारसे नाही. फोटोखाली छापलेला आकडा मात्र डोक्यातून जात नाही. जुनी सुती लुगडी आणि धोतरे धुऊन, उसवून, त्यांचे थर नीट अंथरून, कडेकडेने आत येत हाताने टाके घालत गेले, की अंथरुणभर मापाच्या एका गोधडीला महिना सहज जातो, तोही शिवणाऱ्या बाईची कंबर आणि डोळे साथ देत असतील तर. आम्ही तिचे साडेपाच हजार घेतो आणि त्यातला मोठा वाटा शिवणाऱ्या बाईलाच जातो. आता तोच फोटो दुसरीकडे नऊशे रुपयांखाली झळकू लागला, की पाहणारा माणूस आम्हाला महागडे ठरवतो. गेल्या काही महिन्यांत "हीच गोधडी दुसरीकडे स्वस्त मिळते" असे निरोप का येत होते, याचा उलगडा आज झाला. नागपूरच्या बाई फसल्या आणि त्यांना ते कळले. नऊशेच्या आकड्याला धरून आमच्याकडे पाठ फिरवणारे लोक मात्र काहीच विकत घेत नाहीत, त्यामुळे त्यांना कधीच काही कळणार नाही.

बाईंचा राग ओसरल्यावर मी त्यांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दिला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत दाखवलेल्या गुणांचा माल नसेल, तर बाजारमंचावरच्या विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परतवण्यास नकार देता येत नाही. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकालात काढावी, असेही त्यात आहे. बाईंकडून मी फक्त एक गोष्ट मागितली: पार्सलवर चिकटवलेल्या पत्त्याच्या कागदाचा फोटो. जाहिरातीत नसलेला पाठवणाऱ्याचा पत्ता पुष्कळदा त्या कागदावर असतो.

रात्री जेवणे उरकल्यावर कायद्याची पाने वाचत बसले. आपल्याकडे फोटोवरचा हक्क तो काढल्या क्षणी निर्माण होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली नोंदणी सक्तीची नाही, आणि प्रसिद्ध झालेल्या फोटोला त्यापुढची साठ वर्षे संरक्षण असते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. दावा करायचा तर तो आपण राहतो तिथल्या, म्हणजे आमच्या बाबतीत साताऱ्याच्या, जिल्हा न्यायालयातही करता येतो. इथवर वाचून मला हुरूप आला होता.

मग मालकीचे कलम वाचले आणि थांबले. कायद्याच्या दृष्टीने फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. आमच्या पानावरचे बरेच फोटो मी माझ्या फोनवर काढलेले आहेत. पण चोरीला गेलेले दोन्ही फोटो भाच्याने त्याच्या कॅमेऱ्यावर, दिवाळीला आला असताना, हौसेने काढून दिलेले आहेत. मी त्याला पैसे देऊन ते काढून घेतले असते, तर वेगळा करार नसताना पहिली मालकी माझी ठरली असती. त्याने प्रेमाने फुकट काढून दिले, म्हणून मालक तो! ज्यांनी गोधडी शिवली त्या सासूबाईंचे नाव या हिशेबात कुठेच येत नाही, हे मला अजून नीट पचलेले नाही. ठिगळांची मांडणी पिढीजात, टाका पिढीजात. त्यात अमुक एकीची मालकी सिद्ध करायला जाणे अवघड आणि मला ते फारसे पटतही नाही. पण बटण दाबणाऱ्याला साठ वर्षे आणि महिनाभर वाकून बसणारीला काहीच नाही, हा हिशेब कागदावर वाचताना विचित्र वाटतो एवढे खरे.

भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "मामी, हक्क तुझ्या नावावर करून देतो, काय लिहायचे ते सांग." असे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून मी मसुदा त्याला पाठवला आहे. मूळ फाइलीही त्याच्याकडून मागवल्या आहेत, आणि त्या ईमेलनेच पाठव असे बजावले आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि कॅमेरा, तारीख, वेळ ही त्याच्या पोटातली माहिती गळून पडते. पुरावा म्हणून तीच तर हवी आहे. स्क्रीनशॉट न्यायालयात मांडायचे झाले, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचे प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते, म्हणून प्रत्येक स्क्रीनशॉट कोणत्या फोनवर, केव्हा घेतला याची नोंद मी वहीत करून ठेवली आहे.

आता अडचणीची बाजू. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे लेखी तक्रार दिली की मंचाने ३६ तासांत तो मजकूर रोखायला हवा. पण त्याच तक्रारीत, सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत त्याचा आदेश सादर करीन, अशी हमी लिहून द्यावी लागते; आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. दोन फोटोंसाठी वकील लावणे आम्हाला परवडणार नाही, हे उघड आहे. म्हणून आधी मंचाचा स्वतःचा तक्रार-अर्ज भरायचा, असे ठरवले. कॉपीराइटसारख्या कायद्यांखाली आधी काढून टाकलेला माल वारंवार विकायला ठेवणाऱ्यांची नोंद ठेवण्याचा वाजवी प्रयत्न मंचाने करावा, असे ई-कॉमर्स नियमांत आहे, तेवढ्या वाक्याचा हवालाही अर्जात घातला आहे.

नवऱ्याचे म्हणणे, सगळ्या फोटोंवर आडवे नाव टाक. ते करून पाहिले. नाव कोपऱ्यात टाकले तर कापता येते आणि मधोमध टाकले तर टाके झाकले जातात. मग फोटो काढण्याचा उद्देशच उरत नाही. शिवाय असे नाव पुसणारी साधने आता कोणाच्याही फोनवर असतात. त्यापेक्षा प्रत्येक फोटोखाली शिवणाऱ्या बाईचे नाव, लागलेला काळ आणि त्यातून तिला मिळालेले पैसे असे तिन्ही लिहायचे मी ठरवले आहे. फोटोसोबत हा मजकूर कोणी चोरला, तर नऊशे रुपयांत महिन्याची मजुरी कशी बसते, याचे उत्तर गिऱ्हाईक त्यालाच विचारील.

सासूबाईंना झोपण्यापूर्वी सगळे सांगितले. त्यांना कायद्यात रस नव्हता. ती चादर धुतल्यावर रंग सोडते का, एवढेच त्यांनी विचारले, आणि ते नागपूरच्या बाईंना उद्या विचारायला सांगितले आहे.

भाच्याला मी कळवले आहे की यापुढे प्रत्येक फोटोचे त्याला रीतसर पैसे मिळतील आणि त्याने पावती द्यायची. त्यावर त्याने शहरातल्या फोटोग्राफरांचा दर कळवला आहे. तो ऐकून उद्या घासाघीस करावी लागणार, असे दिसते.