झेलम एक्सप्रेस ते लेह : रसदीच्या वाटेने

पुण्याहून झेलमने जम्मू, कटऱ्याहून रेल्वेने श्रीनगर, टॅक्सीने झोजीला खिंड ओलांडून कारगिल-लेह आणि परतीला विमान, असा प्रवास मुद्दाम आखला. लडाखच्या चौक्यांवर धान्य, रॉकेल, दारूगोळा कसा पोचतो ते समजून घ्यायचं होतं.

कटरा-श्रीनगर रेल्वे जून २०२५ मध्ये सुरू झाली. चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल पाहायला खिडकीची जागा धराच. पण मला या मार्गाचं महत्त्व वाटतं ते मालगाडीमुळे. जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबनकडे दरड कोसळली की ट्रक दोन्ही बाजूंना अडकून पडतात. आता खोऱ्यात माल न्यायला दुसरी वाट आहे.

सोनमर्गनंतर मात्र अजून सगळा भार रस्त्यावर. झोजीला साडेतीन हजार मीटरवर, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा. बोगद्याचं काम अजून चालूच आहे. म्हणून लष्कर उन्हाळ्यातच हिवाळ्याचा साठा वर चढवून ठेवतं. पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, नोव्हेंबर १९४८ मध्ये, याच खिंडीत आपले रणगाडे चढले. त्याआधी मे महिन्यात हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डकोटा विमान उतरवलं होतं. रस्ता शत्रूच्या हाती असताना लेह तगलं ते हवाई मार्गावर.

द्रासच्या युद्धस्मारकात वेळ काढून थांबा. समोर तोलोलिंगचा डोंगर दिसतो. १९९९ च्या कारगिल युद्धात त्या उंचीवरून हा रस्ता थेट माऱ्यात होता, हे तिथे उभं राहिल्यावरच उमगतं. एकाच रस्त्यावर विसंबणं किती धोक्याचं, ते तेव्हा कळलं. आज मनालीकडून अटल बोगद्याने रोहतांग खिंड टळते, शिंकुला खिंडीमार्गे लेहजवळच्या निम्मूचा तिसरा रस्ता झाला आहे. विमान वेगवान, पण विरळ हवेत त्याला कमी वजन उचलता येतं. जड माल शेवटी ट्रकनेच जातो. त्यापुढे हेलिकॉप्टर, खेचरं आणि हमाल.

जाणाऱ्यांसाठी : झोजीलावर बऱ्याचदा एकेरी वाहतूक असते, वेळा आदल्या संध्याकाळी सोनमर्गला विचारा. लष्करी ताफा आला की गाडी कडेला घ्या, मध्ये घुसू नका, फोटो काढू नका. बाहेरची प्रीपेड सिमं चालत नाहीत, पोस्टपेड न्या. कारगिलला मुक्काम केलात तर उंची सोसते. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. दिल्लीहून पुढची गाडी त्याच दिवसाची काढू नका.