एकच टॅग, तीन फ्रिक्वेन्सी
आज लॅबमध्ये दिवसभर आरएफआयडी टॅगच्या (रेडिओ लहरींनी वाचायच्या चिपच्या लेबलच्या) अँटेनावरच काम चाललं होतं. भारतात यूएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचे) टॅग 865-868 मेगाहर्ट्झला वाचतात, अमेरिकेत 902-928 ला. निर्यातीच्या खोक्यावरचा टॅग दोन्हीकडे वाचला जायलाच हवा. शिवाय मोबाइलने वाचायचा तर 13.56 मेगाहर्ट्झ! तिथे तरंगलांबी 22 मीटर, त्या मापाचा सरळ अँटेना टॅगवर मावणारच नाही, म्हणून वेटोळ्यांची कॉइल लागते. यूएचएफला मात्र 17 सेंटिमीटरचा डायपोल (दोन भुजांचा, अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना) नागमोडी वळवून बसवता येतो.

खरी गंमत चिपजवळच्या इवल्याशा लूपमध्ये आहे. चिप कपॅसिटिव्ह, म्हणजे कपॅसिटरसारखी वागणारी; तिला तोडीस तोड इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचा उलटा परिणाम, हा लूप पुरवतो. संध्याकाळी लूप आणि डायपोलमधलं अंतर बदलत गेले, तसे अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलच्या ग्राफवर दोन खड्डे शेजारी-शेजारी उमटले; खड्डा म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला जुळणी चांगली. दोन्ही यूएचएफ पट्टे कवेत! इतका आनंद झाला!

उद्या टॅग पाण्याच्या बाटलीवर चिकटवून बघणार. पाणी जवळ आलं की ट्यूनिंग खाली सरकतं.