अडलेली पायथन

उदगीरला जनावरांची प्रॅक्टिस करायची म्हणजे देवणी गाय, म्हैस आणि शेळी. गाय अडली, वार अटकली, मायांग बाहेर आलं, कासेला सूज आली, यातच दिवस जातो. कॉलेजात साप वाचला होता तो परीक्षेपुरता. त्यामुळे एप्रिलमधल्या एका दुपारी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराचा फोन आला, "सर, पायथन अडलीय, चार अंडी घातली, दोन आतच हायेत," तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "आपल्याकडचा अजगर आहे का? असेल तर आधी वनखात्याला फोन लाव, मग मला."

हे विचारावंच लागतं. आपला अजगर, नाग, घोणस, एवढंच काय धामणसुद्धा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरात ठेवणं हाच गुन्हा. पण ही निघाली बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाबरली की डोकं मधोमध लपवून चेंडूसारखी गुंडाळून बसते, म्हणून तसं नाव. परदेशी जातींसाठी 2024 पासून नोंदणीचे नियम आलेत. मी पोहोचलो तेव्हा परिवेश या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद पोराने टेबलावर काढूनच ठेवला होता. कागद नीट असलेला पेशंट आमच्या धंद्यात दुर्मीळच.

दुकानाच्या मागे खोली. एका भिंतीला रॅक, त्यात प्लॅस्टिकचे ड्रॉवर, एकेका ड्रॉवरमध्ये एकेक साप. पलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरे उंदीर, कारण सापांच्या धंद्यात निम्मी मेहनत उंदरांचीच असते. तो वास चहाच्या कपापर्यंत येत होता. पिल्लं विकून किती येतील याचा हिशेब पोराने वहीत मांडलेला. उंदरांचा, विजेचा आणि डॉक्टरचा खर्च त्यात कुठेच दिसला नाही.

मादी काट्यावर ठेवली तर अडीच किलोच्या जवळ, तीही चार अंडी घालून झाल्यावर. मी विचारलं, "खायला किती देतोस?" म्हणाला, "दर आठवड्याला एक मोठा उंदीर, सर. अंडी जास्त यावीत म्हणून." इथेच निम्मं निदान झालं. वर्षभर त्या ड्रॉवरमध्ये वेटोळं करून पडलेली, चढायला फांदी नाही, सरपटायला जागा नाही, वर भरपूर खाणं. अंडं ढकलायला अंगात स्नायू लागतो, तो येणार कुठून? दावणीला बांधून नुसती पेंड चारलेली गाय विताना अडते, त्यातलाच प्रकार.

हात लावून पाहिला. बॉल पायथन गरीब असते, फुत्कारलीसुद्धा नाही. शरीराच्या शेवटच्या भागात दोन गाठी स्पष्ट लागत होत्या, मागची जरा वाकडी आणि मोठी. पुण्यात माझा एक वर्गमित्र कुत्र्या-मांजरांबरोबर पक्षी आणि सरडेही बघतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन भरू का विचारलं, तर तो ओरडलाच. कासवांत ते चालतं, सापांत फारसा उपयोग होत नाही. आणि वाट अडलेली असताना जोर वाढवला तर अंडनलिका फाटते. बोटाने दाबून सरकवायचंही नाही. ही सूचना माझ्यासाठीच होती, गाईच्या डॉक्टरांना हात घालायची सवय असते हे त्याला ठाऊक.

मग आधी कोमट पाण्याची आंघोळ. पाणी मुद्दाम कोमट करावं लागलं नाही, गच्चीवरच्या टाकीतलं होतं तसंच चाललं. घमेल्यात तिला तासभर ठेवलं. तेवढ्यात पोराची आज्जी दारात येऊन उभी राहिली. "काय करलालाव डॉक्टर?" बाळंतपण म्हटल्यावर आत आली, घमेल्यात डोकावली आणि अगदी सहज म्हणाली, "पोटाला तेल लावा की थोडं." नागपंचमीला भिंतीवर नाग काढून पुजणारी बाई, पण या सापाचं तिला ना भय ना भक्ती. घरातलं एक खाणारं तोंड, बस्स.

गाय गाभण आहे की नाही ते बघायचं सोनोग्राफी मशीन माझ्याकडे गाडीत असतंच. प्रोब गाईच्या मलाशयात घालायचा, तो जेल चोपडून सापाच्या पोटावर टेकवला. खवले ओले झाले होते म्हणून चित्र बऱ्यापैकी आलं. मागच्या अंड्यात आतलं द्रव अजून हलत होतं. हीच खरी चांगली बातमी. अंडं अडकून दोन दिवसांच्या वर गेलं की बलक आत घट्ट होत जातो आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर राहत नाही. इथे पहिली अंडी परवा रात्री पडली होती. म्हणजे वेळ होती, पण जास्त नाही.

आता सुईने बलक ओढून अंडं बारीक करायचं. टेबलावर टॉवेल, पोराने तिला पुढून धरलं. पोटाकडची जागा आयोडीनने पुसली, जागा बधिर करायला लिग्नोकेन अगदी थोडं, पातळ करून दिलं. 18 नंबरची सुई दोन खवल्यांच्या मधून, खवल्यातून नव्हे, हळू आत सारली. गाईचं कातडं सुईला विरोध करतं. इथे एकदम मऊ लागलं आणि त्यानेच मला जास्त धास्ती वाटली. मग अंड्याच्या कवचाचा चिवटपणा सुईच्या टोकाला जाणवला, चामड्यासारखा, आणि सुई आत शिरली. पिस्टन ओढला तसा दाट पिवळा बलक सिरिंजमध्ये चढू लागला. 20 मिलीची सिरिंज भरली, बदलली, परत भरली. बोटांखालची ती टणक गाठ बसत बसत पिशवी झाली. पोरगा घामाने निथळत होता. लाईट गेलेली, कूलर बंद, बाहेर चाळिशीच्या वर.

ते अंडं गेलं, हे त्याला आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी सात-साडेसातला ते चुरगळलेलं कवच आपोआप बाहेर आलं. पुढचं अंडं पहाटे पडलं, पण तो स्लग निघाला, पिवळट, फळलेलं नसलेलं अंडं. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दर 72 तासांनी, शरीराच्या पुढच्या भागात द्यायची, हे पोराला शिकवून आलो.

राहिली चार अंडी. ती अंडी उबवायच्या थर्माकोलच्या डब्यात, ओलावा धरून ठेवणाऱ्या व्हर्मिक्युलाईटच्या भुशावर होती, वरच्या बाजूला पेन्सिलची खूण, कारण पक्ष्यांची अंडी फिरवतात तशी ही फिरवायची नसतात. त्यांना 31-32 अंश लागतात. गोऱ्यांच्या देशात लोक तेवढी ऊब देण्यासाठी धडपडतात. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये तेवढं थंड ठेवणं हीच कसरत. पस्तिशीच्या वर गेलं की पिल्लू आतच मरतं किंवा वाकडं निघतं. पोराने तो डबा उचलून गल्लीतल्या एका एसी असलेल्या ऑफिसात नेऊन ठेवला आणि इन्व्हर्टरला जोडला. आत काय आहे ते तिथल्या लोकांना त्याने सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

जूनमध्ये तीन फुटली, चौथ्याला बुरशी आली. दुकानात गेलो तेव्हा एक पिल्लू अंड्याला चीर पाडून नुसतं नाक बाहेर काढून बसलं होतं. असं ते दिवसभरही बसतं, ओढून काढायचं नसतं. आज्जी शेजारच्या बायकांना हेच समजावून सांगत होती. पोराने तिन्हींची नोंद पोर्टलवर टाकली आहे, गिऱ्हाईक मात्र अजून एकच आलंय, तेही भाव पाडून मागतंय.

फी मी अडलेल्या गाईचीच घेतली. येत्या हिवाळ्यात पुन्हा नर सोडू का, असं त्याने मागच्या आठवड्यात विचारलं. म्हटलं, आधी तो ड्रॉवर काढ, मोठी पेटी कर, आत जाड फांदी टाक, खाणं दोन आठवड्यांनी दे. वजन उतरलं की बोलू. पेटी केलीय त्याने, प्लायची, चार फुटी. खाण्याचं मात्र अजून "बघतो सर" चाललंय.