मे महिन्यातलं दिवेआगर – पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात कोकणात कोण जातं, घाम नुसता, असं आमच्या सोसायटीत दर वर्षी कोणीतरी म्हणतंच आणि मग शनिवारी पहाटे चांदणी चौकात निम्मी सोसायटी एकमेकांना हात करताना दिसते. यंदा आम्ही दिवेआगरला गेलो, सोबत सासूबाई आणि पोरं. ज्यांचं जायचं चाललंय त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

रस्ता ताम्हिणीचाच घ्या. पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, तिथून साई, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. साधारण १६०-१७० किलोमीटर, चहा-नाश्ता धरून पाच तास लागतात. पण पाचला निघालात तरच. आठला निघणाऱ्याने पिरंगुटचा ट्रॅफिक बघावा आणि मग माणगावात मुंबईचं पब्लिक भेटतं ते वेगळंच. पेट्रोल माणगावलाच टाकून घ्या, थोडी कॅश पण काढून ठेवा, गावात यूपीआय चालतं पण नेटवर्क कधी रुसेल नेम नाही.

राहायचं कुठे, तर माझं ऐका आणि वाडीत, म्हणजे घरालगतच्या नारळ-सुपारीच्या बागेत राहा. बीचला लागून रिसॉर्टं झालीत, स्विमिंग पूल बिल असतात, पण समुद्र शंभर पावलांवर असताना पूलमध्ये डुंबायला एवढं लांब कशाला यायचं? गावात घरोघरी 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या आहेत, पोफळी (सुपारीची झाडं) आणि माडांच्या सावलीत खोल्या काढलेल्या असतात, दुपारी बाहेर चटका बसत असला तरी वाडीत शिरलं की जाणवण्याइतका गारवा. आम्ही उतरलो तिथल्या काकूंनी सकाळीच विचारून घेतलं, "मोदक किती लागतील सांगा, आयत्या वेळी मागाल तर नाही हो मिळायचे." हे लक्षात ठेवा. इथल्या खाणावळींत नारळ खवून, उकड काढून ताजं करतात, त्यामुळे सकाळी सांगितलं तरच दुपारी पानात पडतं. दोननंतर जेवण शोधत फिराल तर उपाशी राहाल, आख्खं गाव झोपलेलं असतं आणि बरोबरच आहे, पुणेकरांनी तरी त्यावर बोलू नये.

हे गाव टुरिस्ट लोकांनी वसवलेलं नाही, खूप जुनं आहे. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट इथलाच, मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी एक. रूपनारायणाच्या देवळातली विष्णूची मूर्ती शिलाहार राजांच्या काळातली आहे, कडेने दशावतार कोरलेत, नीट उभं राहून बघा, बहुतेक लोक बाहेरून नमस्कार करून पळतात. पण गर्दी सुरू झाली ती १९९७ नंतर. त्या वर्षी १७ नोव्हेंबरला, संकष्टीच्या दिवशी, एका वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, किलोच्या वर वजनाचा. मग काय, सुवर्णगणेश बघायला बसेस लागल्या, लोकांनी पडवी बंद करून खोल्या काढल्या, आणि सुपारी-नारळावर चालणाऱ्या गावाला दुसरा धंदा मिळाला.

मार्च २०१२ मध्ये त्या देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा गेला. चोर पुढे पकडले गेले, पण सोनं वितळवलेलं मिळालं. काकू म्हणाल्या त्या वर्षी सीझन पार बसला होता. नंतर २३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकीला, नवा मुखवटा बसवला, आता दर्शनाला तोच आहे.

मधे निसर्ग वादळ येऊन गेलं. ३ जून २०२०, कोविडचा लॉकडाऊन चालू असतानाच. वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा, आणि नेमका ह्याच पट्ट्यावर. आपल्याला पुण्यात दोन झाडं पडल्याचं आठवतं, इथे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकूंचे यजमान संध्याकाळी वाडी दाखवायला घेऊन गेले तेव्हा जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. पोफळीला ऊन सोसत नाही. त्यामुळे वादळात माड पडले तिथली सावली गेली आणि ज्या पोफळी वाचल्या होत्या त्यातल्याही काही उन्हाने करपल्या. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, तोवर घर चालायचं कशावर, तर आपल्यासारख्यांच्या खोलीभाड्यावर. हे कळल्यावर मी भावात घासाघीस करायचं सोडून दिलं (बायकोने नाही).

मे मध्ये गेलात तर वाडीतली कामं बघायला मिळतात, डिसेंबरात हे नसतं. रातांबे (कोकमाची फळं) फोडून आमसुलं वाळत घातलेली, पत्र्यावर फणसपोळी, अंगणात सुपारी, ओटीवर बायका गप्पा मारत सुपारी सोलतायत, पावसाआधीची सगळी बेगमी. इथली रोठा सुपारी नावाजलेली आहे, थेट घरातूनच घ्या. आमच्या सासूबाईंनी तिथे बसून आडकित्ता मागवला आणि एक फोडून बघितल्याशिवाय घेतली नाही. सुकट, बोंबील बोर्लीच्या बाजारात मिळतात, पण दोन पिशव्यांत बांधा नाहीतर गाडी विकायला काढावी लागेल.

आता समुद्र. बीच चांगला चार-पाच किलोमीटर लांब आहे, मागे सुरूचं बन आणि केवडा. मेन एंट्रीला पॅरासेलिंग, बनाना राइड, घोडे, उंट, भेळ, सगळी जत्रा. तिथून अर्धा तास चालत गेलात की माणूस दिसत नाही. गाडी वाळूत नेऊ नका, दर वीकेंडला कोणाची तरी एसयूव्ही रुतते आणि भरती काही ट्रॅक्टर येईपर्यंत थांबत नाही. भरतीची वेळ काढायचा इथला हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. दहा-वीस मिनिटं इकडे तिकडे होतात पण कालनिर्णय भिंतीवर असलं की काम भागतं.

हा हिशोब हरिहरेश्वरला फार लागतो. तिथली प्रदक्षिणा खडकांवरून आहे आणि भरतीला लाट थेट वाटेवर येते, माणसं ओढली गेलीत. ओहोटी असेल तरच उतरा, पाटी लावलेली असते ती सजावटीला नाही.

हरिहरेश्वरला जाताना आरावी-शेखाडीचा किनाऱ्याचा रस्ता घ्या, सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात देखणा भाग हाच, एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी. (१९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते शेखाडी हेच, बघून खरं वाटत नाही.) वाटेत श्रीवर्धन लागतं, बाळाजी विश्वनाथ भट इथले, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे घाटावर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. श्रीवर्धनने पुण्याला पेशवे दिले, पुण्याने श्रीवर्धनला पार्किंगचा प्रॉब्लेम दिला. वेळ असेल तर पुढे बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. जंजिरा किल्ला करायचा असेल तर मात्र उलट दिशेला दिघी, आणि त्याला आख्खा दिवस ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर वॉटरस्पोर्ट्स चालू आहेत का ते आधी फोन करून विचारा, पावसाळ्यासाठी बंद होतात. १ जूनपासून मासेमारी पण बंद, मग ताजं पापलेट विसरा, शाकाहारी पान मागवा आणि मोदक खा. परत येताना रविवारी दुपारी जेवून निघायचा मोह टाळा, सकाळी दहालाच माणगाव पार करा नाहीतर रात्री पुण्याजवळ भूगावच्या रांगेत पोरं 'घर कधी येणार' विचारत बसतील.