होमलॅब नोंद: एक हार्ड डिस्क, तीन व्हीएम आणि आयओची वाटणी

घरच्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) आहे. त्यावरच्या तीनही व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अजून एकाच ७२०० आरपीएमच्या साटा डिस्कवर आहेत: फोटो लायब्ररी, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी) आणि डाउनलोड. त्यामुळे डिस्कचं आयओ, म्हणजे वाचणं-लिहिणं, तिघींत वाटलं जातं. डाउनलोडवाली जोरात आली की फोटोंचे थंबनेल अडकायचे, डीएनएससुद्धा लॉग लिहिताना रेंगाळायचा. या आठवड्यात त्यावर काम केलं.

आधी एमबी प्रति सेकंदाचं लिमिट का पुरत नाही ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ७२०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद, म्हणून सरासरी अर्धी फेरी ४.१७. डिस्कचं वाचणारं हेड सरकायला साधारण ८-९ धरा. एका रँडम (विखुरलेल्या जागेवरच्या) रिक्वेस्टला बारा-तेरा मिलिसेकंद गेले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० रिक्वेस्ट. ४ केबीच्या ब्लॉकने हिशेब केला तर ३२० केबीच्या आसपास! व्हीएमला २० एमबीचं लिमिट लावा, ती त्याच्या जवळपासही न जाता डिस्क पूर्ण गुंतवून ठेवते. फिरत्या डिस्कवर आयओपीएसचंच, म्हणजे सेकंदाला किती रिक्वेस्ट याचं, लिमिट लावायला हवं.

डाउनलोड व्हीएमच्या डिस्कला रीड आणि राइट दोन्हीला ३० आयओपीएस लावले, बर्स्ट थोडा जास्त ठेवला. व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं क्यूईएमयू यासाठी लीकी बकेट (गळक्या बादलीची) पद्धत वापरतं, त्यामुळे क्षणभराची उसळी चालते, सततचा मारा अडतो. फरक लगेच जाणवला, फोटो सुरळीत उघडू लागले.

पण हे माझ्या मनासारखं नाही. रात्री बाकी दोन्ही व्हीएम निवांत असतात, तरी डाउनलोडवाली ३० वरच अडकलेली. डिस्क रिकामी आणि काम रांगेत, हे मला बघवत नाही. मला हवी आहे वाटणी: गर्दी असेल तेव्हा वाटा, नसेल तेव्हा सगळं तुझंच.

म्हणून सीग्रुप व्ही२ (लिनक्समधली प्रोसेसच्या गटांना संसाधनं वाटून देणारी सोय) चं आयओ वेट, म्हणजे वाट्याचं वजन. डिस्कचा शेड्युलर (रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा) एमक्यू-डेडलाइनवरून वेट पाळणारा बीएफक्यू केला, कारण नुसत्या डेडलाइनवर वेटचा काही उपयोग होत नाही. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएम स्वतंत्र सिस्टमडी स्कोपमध्ये (म्हणजे वेगळ्या सीग्रुपमध्ये) चालवतं, त्यामुळे वेट थेट त्या स्कोपला लावता येतं. डिफॉल्ट १०० असतं. फोटोंना ३००, डीएनएसला ३००, डाउनलोडला ५० दिलं. व्हीएम बंद करून चालू केली की स्कोप नवा बनतो आणि वेट पुसलं जातं, म्हणून हुकस्क्रिप्टच्या (व्हीएम चालू-बंद होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) पोस्ट-स्टार्ट टप्प्यात ते पुन्हा लावतो. डिस्कचा कॅश मोड 'नन' ठेवलाय, म्हणजे होस्टच्या (मूळ मशीनच्या) पेज कॅशमधून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातून, लिखाण न जाता कुणाचं आयओ कुणाच्या नावावर आहे हे स्पष्ट राहतं. झेडएफएस फाइल सिस्टम वापरणाऱ्यांनी मात्र या वाटेने जाऊ नये; तिथे आयओ झेडएफएसचे स्वतःचे थ्रेड करतात आणि व्हीएमचं वेट डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

एफआयओ या डिस्क-चाचणीच्या टूलने दोन व्हीएममधून एकाच वेळी रँडम रीड चालवून पाहिलं: वाटणी वेटच्या दिशेने झुकते, आणि एकीने थांबवलं की दुसरी लगेच मोकळी सुटते. हेच हवं होतं. आता ३० चं लिमिट काढून टाकलंय.

राहिलंय बॅकअपचं. व्हीझेडडंपला (प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप टूलला) स्वतःचं बँडविड्थ लिमिट असतं, ते सेकंदाला किती केआयबी (१०२४ बाइट) असं देतात. ते लावून बॅकअप चालू असताना होस्टवर आयओ प्रेशरचा 'फुल' आकडा (सगळी कामं एकाच वेळी डिस्कसाठी अडून राहिल्याच्या वेळेचं प्रमाण) किती चढतो ते बघायचं आहे. कुणी बीएफक्यूऐवजी आयओकॉस्ट (प्रत्येक रिक्वेस्टचा खर्च मॉडेलने मोजून वाटणी करणारी पद्धत) फिरत्या डिस्कवर वापरलं असेल तर मॉडेलचे आकडे कसे काढले ते जरूर लिहा.