गुन्हेगारी सुटते कशी?

माणूस गुन्हा का करतो, या प्रश्नाला गुन्हेगारीशास्त्राने दिलेली उत्तरे वाचताना मी एक साधी कसोटी लावतो : माणूस गुन्हा करायचा का थांबतो, हेही या उत्तरातून कळते का? पुढे थांबणाऱ्यांची संख्याच मोठी असते. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ क्वेतले यांनी १८३१ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयीन आकडेवारीवरून दाखवले होते, की गुन्ह्याकडील कल पंचविशीच्या आसपास सर्वाधिक असतो आणि नंतर उतरत जातो. पुढे अनेक देशांत हा आलेख थोड्याफार फरकाने तसाच आढळला.

या कसोटीवर लोम्ब्रोसो टिकत नाहीत. काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून ओळखता येते, असे या इटालियन डॉक्टरांनी १८७६ मध्ये मांडले. इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३,००० कैद्यांची मोजमापे इतरांशी ताडून १९१३ मध्ये ते खोडून काढले. पण मोजमापे बाजूला ठेवली तरी, तिशीत जबडा तोच असताना गुन्हे का थांबतात, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा १९३८ मधील सिद्धांत यापेक्षा कितीतरी समंजस आहे. समाज सर्वांना यशाचे एकच स्वप्न दाखवतो, तिथे पोहोचण्याचे रास्त मार्ग मात्र थोड्यांनाच देतो आणि या ताणातून काही जण आडमार्गाला लागतात, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटते, तरी अपुरे वाटते. कारण ज्यांची गरिबी तशीच राहते, त्यांतलेही बहुतेक वयाबरोबर निवळतात. डेव्हिड मॅट्झा यांनी १९६४ मध्ये नेमके हेच बोट ठेवले : असे सिद्धांत प्रत्यक्षात दिसते त्याहून फार जास्त गुन्हेगारीचे भाकीत करतात.

ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९६९ मध्ये प्रश्नच उलटा केला. मोह सर्वांनाच होतो, मग बहुतेक लोक गुन्हा का करत नाहीत? आईवडिलांची माया, शाळेची ओढ, उद्याच्या बेतांत गुंतवलेले कष्ट, नियम पाळायला हवेत ही श्रद्धा असे बंध माणसाला धरून ठेवतात, हे त्यांचे उत्तर. बंध सैल होऊ शकतात, तसे नव्याने जुळूही शकतात, म्हणून मला ही वाट अधिक फलदायी वाटते. गंमत म्हणजे स्वतः हर्शी १९९० मध्ये गॉटफ्रेडसन यांच्यासह बालपणीच घडणाऱ्या आत्मसंयमाकडे वळले, आणि माझ्या मते तो बदल त्यांच्या मूळ विचाराइतका समाधानकारक नव्हता.

बंधांची ती मूळ वाट सॅम्पसन आणि लॉब या अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञांनी पुढे नेली. त्यांच्या आधीच्या पिढीतील संशोधक ग्लुक दांपत्याने बॉस्टनमधील ५०० बालगुन्हेगार आणि तशाच वस्त्यांतील, त्याच वयाची ५०० इतर मुले यांची तपशीलवार माहिती गोळा केली होती. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांत पडून असलेली ती कागदपत्रे या दोघांनी पुन्हा अभ्यासली. स्थिर नोकरी आणि जिव्हाळ्याचे लग्न लाभलेले बरेच जण, बालपण कितीही बिघडलेले असले तरी, गुन्ह्यांपासून दूर गेले होते. त्यांच्यापैकी काहींना सत्तरीच्या उंबरठ्यावर भेटल्यावर असेही दिसले, की अनेकांनी सुधारण्याचा निश्चय असा केलाच नव्हता. संसार आणि कामाच्या रगाड्यात जुनी संगत आणि जुन्या सवयी आपोआप मागे पडल्या होत्या. एकदा बसलेला गुन्हेगाराचा शिक्का पुढच्या सगळ्या वाटा अडवतो, हा हॉवर्ड बेकर प्रभृतींचा मुद्दा इथे जोडून वाचावा, कारण तो शिक्का सर्वांत आधी नोकरीच्याच आड येतो.

एका ठिकाणी मात्र माझी कसोटी उपयोगी पडत नाही. एडविन सदरलँड यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील ७० बड्या कंपन्यांविरुद्ध कायदाभंगाबद्दल दिलेले एकूण ९८० निर्णय मोजून दाखवले. प्रत्येक कंपनीविरुद्ध किमान एक तरी निर्णय होताच. असे गुन्हे करायला हुद्दा लागतो आणि तो वय वाढल्यावर मिळतो, त्यामुळे तरुणपणी उंचावून उतरणारा तो आलेख इथे जुळत नाही. घर, संसार, प्रतिष्ठा हे सगळे बंध या मंडळींपाशी शाबूत असतात, आणि रस्त्यावरच्या तरुणाला सोडवणारी नोकरीच इथे गुन्ह्याची संधी पुरवते. गुन्हा हा जवळच्या माणसांकडून, त्यांच्या सबबींसकट, शिकला जातो हे सदरलँड यांचे जुने म्हणणे अशा कार्यालयांना हर्शींच्या बंधांपेक्षा अधिक लागू पडते.