रजिस्टरात नाव नसलेल्या माणसाची पेटी

शवपेटीचा निरोप आला की हातात वेळ मोजकाच असतो. पहाटे माणूस गेला तर संध्याकाळी उजेड असेतोवर माती द्यायची, अशी आमच्या नगरच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची रीत. कुणाचा मुलगा पुण्याहून निघालेला असतो, कुणाची लेक मुंबईहून. ते पोचायच्या आत पेटी दारात हवी. मी सुतार. दारं, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या ही रोजची कामं. पेट्या करतो त्या मंडळीतल्या माणसांसाठी, आणि त्यांची मजुरी घेत नाही. लाकडाचे आणि कापडाचे पैसे घेतो. आजोबा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले तेव्हापासून आमच्या घरात हे असंच चालत आलंय.

जून नुकता लागला होता. सकाळी सातलाच चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "मिस्त्री, एक पेटी लागेल. पण माप सांगणारं कुणी नाही. तुम्हालाच सिव्हिलला यावं लागेल."

मयत झालेला माणूस मार्केट यार्डात हमाली करायचा. साठी उलटलेली, एका खोलीत एकटाच भाड्यानं राहायचा. झोपेतच गेला होता. पोलिसांनी नातेवाइकांचा शोध घेतला, कुणी सापडलं नाही, आणि तीन दिवस तो शवागारात पडून होता. यार्डाच्या फाटकाशी चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांनी त्याची ट्रंक उघडून पाहिली. दोन शर्ट, एक स्वेटर, जुनं शास्त्र म्हणजे बायबल, आणि शास्त्रात घडी करून ठेवलेला बाप्तिस्म्याचा दाखला. नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीचा. मावशी तो दाखला घेऊन थेट आमच्या चर्चवर आल्या. का, तर दर नाताळला तो त्यांच्याकडून सकाळी लवकर चहा घेऊन आमच्या फाटकाबाहेर येऊन उभा राहायचा, गाणी संपली की परत कामाला जायचा. आत का येत नव्हता, ते कुणालाच सांगता आलं नाही. "बाबा म्हणायचे, मला जाळू नका, माती द्या," एवढंच मावशी पुन्हापुन्हा सांगत होत्या.

शवागारात टेप घेऊन जायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. घरचे लोक उंची सांगतात, अंगानं कसा होता ते सांगतात, मी अंदाज बांधतो. इथं मीच मोजलं. उंची पाच फूट चार इंच. मोठ्या माणसाच्या पेटीला मी खांद्याशी बावीस इंच रुंदी धरतो, ती बहुतेकांना पुरते. याचे खांदे त्यात बसणार नव्हते. आयुष्यभर पोती वाहिलेली. मानेच्या मागे, दोन्ही बाजूंना, कातडी जाड होऊन काळी पडली होती. मी टेपवर चोवीस धरलं आणि डायरीत लिहून घेतलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हणालो, "आमच्यातले आहेत."

चर्चच्या व्हरांड्यात पोचलो तर तिथं वाद चालू होता.

सेक्रेटरींसमोर रजिस्टर उघडं होतं. सभासदांत नाव नाही, वर्गणी कधी भरलेली नाही, दुसऱ्या मंडळीतून आल्याचं पत्र नाही. त्यांचं म्हणणं मी इथं नीट मांडतो, कारण ते उगाच अडून बसणाऱ्यांतले नाहीत. आमचं कबरस्तान भरत आलंय. वीस-वीस वर्षं उपासनेला न येणारी घरं वडील गेले की पुढच्या रांगेतली जागा मागतात. जागेवरून भावाभावांत भांडणं होतात आणि शिव्या पंच कमिटीला खाव्या लागतात. "आज याला दिली तर उद्या दहा जण येतील. तेव्हा नाही कुणाला म्हणायचं?" असं ते विचारत होते. नियम पाळणाऱ्या माणसाची ती खरी अडचण होती. पाळकसाहेब समजावत होते, पण जागेचा निर्णय एकट्या पाळकांच्या हातात नसतो.

मी म्हणालो, "माप घेऊन आलोय. पेटी होणार. ती कुठं ठेवायची ते तुम्ही ठरवा."

मला तिथं काय वाटत होतं ते सांगितलंच पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. पुढं या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते बहुतेक महार आणि मांग समाजातले, आणि १८७६ ते १८७८च्या मोठ्या दुष्काळानंतर तर घरंच्या घरं आली. माझे पणजोबा त्यांतलेच. गावच्या विहिरीला हात लावायची ज्यांना बंदी, गावच्या स्मशानात ज्यांच्या मयताला जागा नाही, अशी ही माणसं. मंडळी झाली तेव्हा बाकावर मांडीला मांडी लावून बसायला मिळालं आणि मेल्यावर आपली म्हणावी अशी माती मिळाली. आमच्या पूर्वजांनी वर्गणीची पावती दाखवून ती मिळवली नव्हती. त्याच माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी एका हमालाला फाटकावरून परत पाठवायचं, हे माझ्या पोटात मावत नव्हतं. रजिस्टर हवं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद ठेवलीच पाहिजे. पण नोंद झालेल्या गोष्टीची करतात. माणसाला आत घ्यायचं की नाही, हे रजिस्टरानं ठरवायचं नसतं.

हे सगळं मी तिथं बोललो नाही, बोलायची वेळच आली नाही. महिला मंडळाच्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, बाजूच्या बाकावर बसून ऐकत होत्या. निम्म्या मंडळीला त्यांनी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात शिकवलंय, सेक्रेटरींनाही. त्या म्हणाल्या, "आमच्या साहेबांची कबर उघडा. सोळा वर्षं झाली त्यांना."

घरच्या कबरी अशा पुन्हा उघडतात, त्यात नवल नाही. पण ती जागा कुणासाठी राखलेली आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरी गडबडले. "बाई, ती तुमची..."

"अरे, मी अजून इथं बसलेय ना? माझं माझ्या वेळी बघा. प्रभूलासुद्धा दुसऱ्याच्याच कबरेत ठेवलं होतं."

अरिमथाईकर योसेफाची गोष्ट आम्ही दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला ऐकतो. त्यानं स्वतःसाठी खोदून घेतलेली नवी कबर दिली. मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ती माझ्या ओळखीचं कुणी करून दाखवताना पहिल्यांदाच पाहत होतो. सेक्रेटरींनी रजिस्टर मिटलं आणि कबर खोदणाऱ्यांना फोन लावला.

मी दुकानात आलो. आंब्याच्या फळ्या सुकवून ठेवलेल्या होत्या, त्यांतल्या गाठी नसलेल्या निवडून रंधा मारला. पेटीचं अवघड काम खांद्याशी असतं. बाजूची फळी डोक्याकडून खांद्यापर्यंत रुंदावत जाते आणि तिथून पायाकडे निमुळती होते, आणि फळी मात्र अखंड लागते. म्हणून वळणाच्या जागी आतून करवतीनं शेजारी शेजारी चिरा मारायच्या, निम्म्या जाडीहून थोड्या खोल. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, लाकडाला ते पिऊ द्यायचं आणि दोघांनी दोन टोकं धरून हळूहळू वाकवायचं. घाई केली की फळी तडकते. चोवीस इंचांच्या पेटीला वळण जास्त येतं, म्हणून दोन चिरा वाढवल्या आणि पाणी दोनदा ओतलं.

दुपारी यार्डातले सात-आठ हमाल दुकानात आले. त्यातल्या एकानं पंच्याची गाठ सोडली. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा. "मास्तरच्या पेटीचे," म्हणाला. तेव्हा कळलं, यार्डात त्याला मास्तर म्हणायचे. बँकेचे फॉर्म, रेशनकार्डाचे अर्ज, गावाकडची पत्रं, सगळ्यांचं तोच लिहायचा आणि वाचून दाखवायचा. मी ते पैसे घेतले. माझ्या बायकोला ते आधी आवडलं नव्हतं. गरिबांकडून कशाला, असं तिचं म्हणणं. पण त्या माणसाबरोबर ज्यांनी पोती वाहिली त्यांचा वाटा नाकारायचा अधिकार मला नव्हता. आम्ही ख्रिस्ती लोक देण्याबद्दल पुष्कळ बोलतो. दुसऱ्याचं घ्यायलाही शिकावं लागतं, नाहीतर देणारा कायम वरच्या पायरीवर उभा राहतो.

ते थांबलेच मग. एकानं पॉलिश पेपर मारला, दोघांनी काळं कापड ताणून धरलं आणि मी बारीक खिळे ठोकत गेलो. पांढरी लेस, झाकणावर पांढऱ्या पट्टीचा क्रूस, बाजूंना सहा कड्या. तळाशी त्याचा स्वेटर अंथरला; मावशींनी धुऊन पाठवला होता.

साडेपाचला कबरस्तानात पोचलो. नगरची जमीन मुरमाड, नवी कबर खोदायला दिवस जातो. ही जुनी असल्यानं माती लवकर निघाली होती. साहेबांची हाडं पांढऱ्या कापडात बांधून एका कडेला ठेवली होती, आणि बाई स्वतः उभ्या राहून ते करून घेत होत्या. पेटी हमालांनी खांद्यावर आणली, आम्हाला हात लावू दिला नाही. मंडळीतले पंधरा-वीस जण आले होते. कामाचा दिवस होता, तरी आले. पाळकसाहेबांनी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. टपरीवाल्या मावशींनी मला हळूच विचारलं, "मी फूल टाकलं तर चालंल का?" मी म्हणालो, "मावशी, पहिलं तुम्हीच टाका."

दोर खाली सोडताना पेटी एका बाजूला अडकली. रुंदीला दोन इंच जास्त होती, आणि कबर नेहमीच्या मापाची. सेक्रेटरी चपला काढून आत उतरले. कडेची माती हातानं उकरली, पेटी सरळ केली आणि तळ टेकल्यावर वर आले. मग सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली.

मयताच्या घरी त्या रात्री चूल पेटत नाही, म्हणून महिला मंडळ पिठलं-भाकरी करून पाठवतं. इथं घर कुठलं? बायकांनी डबे यार्डात टपरीवर पाठवले. हमाल, मावशी, खोलीचे मालक आणि आमचे तरुण संघाचे चार पोरं तिथंच पोत्यांवर बसून जेवले. नाताळला फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे इतकी वर्षं आमच्यातलं कुणी गेलं नाही. आता त्या चारांतले दोघे रविवारी दुपारी यार्डात जातात आणि हमालांचे अर्ज भरून देतात. ते मास्तरचं काम होतं.

दफनाच्या रजिस्टरात नोंद सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं केली. पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी विषय मांडला: ज्याच्या ख्रिस्ती असण्याचा काही पुरावा आहे आणि ज्याला कुणी नाही, त्याला आधी माती द्यायची, बाकीची चौकशी नंतर, आणि त्यासाठी कबरस्तानाच्या मागच्या भिंतीलगतची पट्टी राखून ठेवायची. काहींना पटलं, काहींना ती पट्टी आपल्या घरासाठी हवी आहे. निर्णय वार्षिक सभेवर ढकललाय. तिथं हा ठराव मी लेखी देणार आहे. त्याला अनुमोदन द्यायला सेक्रेटरी तयार झालेत.